मदत हवी आहे: इटलीत मराठा पलटणींच्या रणभूमी पाहायच्या आहेत

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन इटलीला जातोय. रोम, फ्लोरेन्सची माहिती भरपूर मिळते, ती नकोय. दुसऱ्या महायुद्धात पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री जिथे लढली, त्या जागा बघायच्या आहेत.

याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे (माणगावात त्यांचा पुतळा आहे) १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. मशिनगनचं ठाणं एकट्याने घेतलं आणि तिथेच गोळी लागली. वय जेमतेम बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार) मिळाला आणि कसिनो गावातल्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. मोन्तोने गावातही आता त्यांचं स्मारक झालंय. दुसरे शिपाई नामदेव जाधव. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना त्यांनी गोळीबारातून वाहून आणलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कसिनोला रोमहून ट्रेनने जाता येतं, पण स्टेशनपासून युद्धस्मशानभूमीपर्यंत आणि वर डोंगरावरच्या मोन्ते कसिनो मठापर्यंत टॅक्सी मिळते का? बाबांचे गुडघे दुखतात, चढ झेपणार नाही. मोन्तोनेला पेरुजाहून बस आहे की गाडीच भाड्याने घ्यावी? सेनिओकाठी जाधवांची नेमकी जागा दाखवणारा कुणी स्थानिक जाणकार माहीत आहे का? फोर्लीची भारतीय सैनिकांची स्मशानभूमी त्याच दिवशी होईल का?

कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.