हिब्रूतला 'नोत्स्री' : यात ख्रिस्त कुठे आहे?

प्रश्न : हिब्रूत ख्रिस्ती माणसाला 'नोत्स्री' म्हणतात असं कळलं. ग्रीक, इंग्रजी, मराठी, सगळीकडे 'ख्रिस्त' आहे, मग इथेच का नाही? केस न कापणाऱ्या 'नाझीर' व्रतस्थांशी याचा काही संबंध?

– व्रताचं आधी निकालात काढू. 'नाझीर'मध्ये 'झायिन' हे अक्षर आहे, 'नोत्स्री'मध्ये 'त्सादे'. धातूच वेगळे. ग्रीकमध्ये 'त्स'साठी अक्षर नाही, म्हणून दोन्हीकडे 'झ' आला आणि गोंधळ सुरू झाला. 'नोत्स्री' म्हणजे सरळ अर्थाने येशूच्या नात्स्रत (नासरेथ) गावचा. मराठी बायबलात 'नासोरी' आहे तो हाच. काही जण यशायाच्या अकराव्या अध्यायातल्या 'नेत्सेर'कडे, म्हणजे इशायाच्या (दावीद राजाच्या बापाच्या) मुळांतून फुटणाऱ्या अंकुराकडे बोट दाखवतात. येशूला 'नासोरी' म्हणतील असं लिहिणाऱ्या शुभवर्तमानकार मत्तयाला तो श्लेष अभिप्रेत असावा असं मलाही वाटतं, पण व्युत्पत्ती म्हणून गावच पुरेसं आहे.

आता 'ख्रिस्त' का नाही? 'ख्रिस्तोस' हे हिब्रू 'माशीआह'चं, अभिषिक्ताचं, ग्रीक भाषांतर. 'ख्रिस्ती'चं हिब्रू केलं तर 'मशिही' होईल, आणि तसं म्हणणं म्हणजे येशू मशीहा होता हे बोलता बोलता कबूल करणं! गावाचं नाव लावलं की कबुली टळते.

– पण हे नाव कुत्सित होतं का?

– सुरुवातीला तसं दिसत नाही. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत (२४:५) तर्तुल्ल नावाचा वकील प्रेषित पौलावर 'नासोरी पंथाचा पुढारी' असा आरोप ठेवतो. तिथला ग्रीक शब्द 'हायरेसिस'. त्याच पुस्तकात परुशी आणि सदूकी या यहुदी गटांनाही हाच शब्द आहे. 'पाखंड' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपला 'पंथ' इथे नेमका बसतो : वारकरी, महानुभाव म्हणतो तसा, घरातलाच एक वेगळा रस्ता. येशूचे ते पहिले अनुयायी स्वतःच्या वाटेला 'मार्ग' म्हणत. 'ख्रिस्ती' हे नाव पडलं अंत्युखियात, ग्रीक बोलणाऱ्या शहरात.

– आणि 'मीनीम'?

– 'मीन' म्हणजे प्रकार, जात. (आजच्या हिब्रूत लिंग हाही अर्थ आहे, तेव्हा जपून वापरा.) रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, भाषेत 'मीनीम' म्हणजे चुकीच्या वाटेला लागलेले यहुदी. त्यात ख्रिस्ती येत, पण फक्त तेच नव्हेत. यहुद्यांच्या रोजच्या प्रार्थनेत मीनीमांविरुद्ध एक कलम आहे. शमुएल हाकाटान या रब्बीने ते याव्ने गावी रचलं, असं तालमुद हा रब्बींचा ग्रंथ सांगतो. कैरोच्या गनिझातली (सभास्थानातल्या जुन्या कागदांच्या कोठीतली) त्याची जी प्रत अभ्यासक शेख्टर यांनी १८९८मध्ये छापली, तिच्यात 'नोत्स्रीम आणि मीनीम' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. त्यातला 'नोत्स्रीम' मुळातला की मागून घातलेला, यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही.

– एबिओनी राहिले!

– 'एव्योनीम', म्हणजे गरीब. इसवी सन १८०च्या सुमारास ख्रिस्ती लेखक इरेनियस त्यांचा उल्लेख करतो : येशूला मानणारे, पण मोशेचं नियमशास्त्र न सोडणारे. तर्तुलियन या दुसऱ्या ख्रिस्ती लेखकाने 'एबिओन' नावाचा संस्थापकच कल्पून टाकला. नावावरून माणूस उभा करायची खोड जुनीच. मृत समुद्राकाठच्या कुमरानला सापडलेल्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांतही तिथला समाज स्वतःला 'एव्योनीम' म्हणवतो. म्हणून दोघे एकच, असं मात्र म्हणू नये. गरिबी हे त्या काळी भक्ताचं बिरुद होतं, कोणीही लावावं.

येशूला मानणाऱ्या अशाच यहुद्यांबद्दल ख्रिस्ती पंडित जेरोमने पाचव्या शतकाच्या आरंभी बिशप ऑगस्टीनला लिहिलं : या नासोऱ्यांना यहुदी आणि ख्रिस्ती दोन्ही व्हायचंय, आणि ते दोन्ही नाहीत.

– म्हणजे आज इस्राएलात येशूला मानणारे जे ज्यू आहेत, ते नोत्स्रीमच?

– त्यांच्यासमोर म्हणून बघा! ते स्वतःला 'येहुदीम मशिहियीम', म्हणजे 'मशिही यहुदी', म्हणवतात. वर म्हटलेला टाळलेला शब्द त्यांनी उचलला.