लाल दोऱ्याच्या मूळ गोष्टीत प्रेम कुठे आहे?

रानजाई
चिनी मालिकांत आणि जपानी ॲनिमेत लाल दोरा सारखा दिसतो. ज्यांची गाठ ठरलेली असते, त्यांच्या करंगळ्यांना तो जन्मापासून बांधलेला असतो म्हणे. माझ्या लेकीला ही कल्पना फार आवडते, म्हणून तिला सांगायला मूळ गोष्ट शोधून वाचली आणि अस्वस्थ झाले.

तांग काळातली कथा, लेखक ली फूयान. वेई गू हा पोरका तरुण स्थळं बघत फिरतोय, कुठेच जमत नाही. सोंगचंग गावाजवळ धर्मशाळेत उतरतो. पहाटे चंद्र मावळायच्या आत देवळाच्या पायरीवर एक म्हातारा चांदण्यात पुस्तक वाचताना दिसतो. पुस्तकात साऱ्या जगाच्या सोयरिकी, पोत्यात तांबड्या दोऱ्या. तो सांगतो, तुझी बायको आत्ता तीन वर्षांची आहे, भाजीवालीकडे वाढतेय. वेई गू बाजारात जाऊन बघतो, तर एका डोळ्याने अधू असलेली गरीब बाई आणि तिच्या कडेवर ते मूल. तो चक्क नोकराला सुरी देऊन त्या मुलीला मारायला पाठवतो! घाव भुवयांच्या मधे बसतो, मुलगी वाचते. चौदा वर्षांनी वेई गूचं लग्न एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरातल्या मुलीशी होतं. ती कपाळावरची फुलाची टिकली कधीच काढत नाही. टिकलीखाली तोच व्रण.

याला प्रेमकथा कशी म्हणायची? आणि लेकीला काय सांगू?

दादाओचंगकर
ताई, तुमची अस्वस्थता अगदी योग्य आहे. ही प्रेमकथा नाहीच. म्हातारा कारकुनासारखा आहे, त्याच्या वहीत लग्नं लिहिलेली असतात. मन कुणाचं कुणावर जडलं याची नोंद तो ठेवत नाही. दोरी बांधतो तीही बोटाला नाही, पायाला. घराणी वैरी असोत, एक श्रीमंत आणि एक गरीब असो, पाय अडकले की सुटका नाही. करंगळी जपानकडून आली.

वेई गूला राग कशाचा येतो ते बघा. त्याला हवी असते अधिकाऱ्याची मुलगी, आणि म्हातारा दाखवतो भाजीवालीकडचं पोर. शेवटी कळतं की ती मुलगी सोंगचंगच्या दिवंगत न्यायाधिकाऱ्याची, भाजीवाली तिची दाई. म्हणजे कथा वेई गूची हौस पुरवते. ती खरोखरच भाजीवालीची लेक निघाली असती, तर मला ही कथा जास्त आवडली असती. एक मात्र मान्य करायला हवं. बायकोने व्रणाची हकीकत सांगितल्यावर तो विचारतो, दाई एका डोळ्याने अधू होती का? आणि मग स्वतःहून कबूल करतो की वार करवणारा मीच. लपवणं सहज शक्य होतं. लेकीला सांगायचं तर हे सांगा.

मी नोकरीनिमित्त तैवानमध्ये, तैपेईत राहत होतो, दिहुआ रस्त्याच्या जवळ. तिथे शियाहाय मंदिर आहे, १८५९ सालचं, नगरदेवतेचं. पण तरुण मुलंमुली येतात ती या चांदण्यातल्या म्हाताऱ्यासाठी, युए लाओसाठी. त्याची मूर्ती तिथे १९७१ मध्ये बसली. भक्त आधी स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्ता सांगतात, मग जोडीदार कसा हवा ते. लाल दोरा उदाच्या धुरावरून फिरवून पाकिटात ठेवतात. लग्न जमलं की लग्नाचे केक घेऊन परत येतात, तेच केक इतरांना वाटले जातात. ऑफिसातली माझी एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन आली होती, तिच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. ती देवाला पत्ता सांगत होती, कारण दोरा कुठे न्यायचा ते त्याला कळायला हवं! त्या भाबडेपणाचा मला आदर वाटतो.

पण प्रेम हवं असेल, तर त्साव शुएछिन यांची 'लाल महालाचं स्वप्न' ही अठराव्या शतकातली कादंबरी घ्या. स्वर्गात नदीकाठी एक रोप सुकत असतं, एक सेवक त्याला रोज दव घालून जगवतो. रोपाची मुलगी होते, ती म्हणते, माझ्याकडे परत द्यायला पाणी नाही, मी आयुष्यभराचे अश्रू देईन. ती दाइयू, तो बावयू. यांची गाठ जन्माआधीची. आणि सत्तावन्नाव्या प्रकरणात बावयूची शुए मावशी याच दाइयूसमोर बसून लाल दोरीची गोष्ट सांगते. आईबापांची कितीही इच्छा असो, दोघं वर्षानुवर्षं एकत्र वाढलेली असोत, म्हाताऱ्याने पाय बांधले नाहीत तर काही होत नाही. मावशी मायेनेच बोलते, पण तिचीच मुलगी पुढे बावयूची बायको होते. दाइयू मरते ती त्याच लग्नाच्या वेळी. अश्रूंचं देणं फिटतं, पण दोरी दुसऱ्याच पायाला असते. दोरा आणि प्रेम वेगळे झाले की काय होतं, हे याहून खरं मी कुठे वाचलेलं नाही.

ध्रुवमत्स्य
मी आकाशनिरीक्षण करतो, त्यामुळे गुराखी आणि विणकरीण या चिनी लोककथेतल्या जोडप्याबद्दल लिहितो. विणकरीण म्हणजे आपला अभिजित तारा, गुराखी म्हणजे आपला श्रवण. मधे आकाशगंगा. वर्षातून एकदा, चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या सप्तमीला, मॅगपाय पक्षी पूल बांधतात आणि ते भेटतात. ही तिथी बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपास पडते. कोरियात म्हणतात, पूल बनून त्या पक्ष्यांच्या डोक्यावरची पिसं झडतात, आणि त्या दिवसाचा पाऊस म्हणजे त्या दोघांचे अश्रू. अभिजित आपल्यापासून २५ प्रकाशवर्षं, श्रवण साधारण १७. श्रावणात ढग असतात, म्हणून ऑक्टोबरात संध्याकाळी गच्चीवर जा, दोघंही पश्चिमेच्या बाजूला छान दिसतात. इथे लग्न झालेलं आहे आणि प्रेमही आहे, फक्त ताटातूट आहे. लेकीला मी ही गोष्ट आधी सांगेन.

रानजाई
दोघांचे आभार. ती चौदा वर्षांची आहे, 'लाल महाल' आत्ता झेपेल का? आणि इंग्रजीत कुठला अनुवाद घेऊ?

दादाओचंगकर
डेव्हिड हॉक्स आणि जॉन मिनफर्ड यांचा, पाच खंडांत. सगळं एकदम देऊ नका. रोपाची गोष्ट पहिल्याच प्रकरणात आहे, तेवढी आत्ता वाचून दाखवा. शुए मावशीचा प्रसंग तिसऱ्या खंडात येतो, तिथपर्यंत तिची ती पोचेल.