शाळेतले जेवण आणि मुलांचे शिकणे : अनुभव धागा

शाळेत मुलांना जेवण देण्याची कल्पना नवी नाही. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळकरी मुलांना रोज मोफत जेवण मिळते. तमिळनाडूत १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने पोषण आहार योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे भारतातील सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देणे राज्यांवर बंधनकारक झाले. धोरणांवर पुष्कळ लिहिले जाते, परंतु ताट मुलापुढे येते तेव्हा काय घडते, हे रोज पाहणाऱ्यांकडून ऐकावे, यासाठी हा धागा. माझे मत आधीच नोंदवते : पदार्थांइतकेच महत्त्व जेवणाच्या वेळेला आणि वाढण्याच्या रीतीला आहे, आणि त्यांकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. सर्वांनी सविस्तर लिहावे.

पहिलीच्या वर्गशिक्षिका

वेळेविषयी आपण लिहिले ते मला पूर्णपणे पटते. आमच्याकडे पूर्वी जेवण शाळा सुटताना होत असे. वाचनाचा तास त्याच्या अगदी आधी असल्यामुळे, सकाळी जी मुले अक्षरे धडाधडा ओळखत, तीच त्या तासाला ओळीवर बोट ठेवून थांबून राहत. काही जण बाकावर डोके टेकवत, तर काही जण कारण नसताना शेजाऱ्याशी भांडत. मुख्याध्यापकांनी जेवण मधल्या सुट्टीत आणल्यावर तोच तास, तेच पुस्तक आणि तीच मुले असूनही वर्गाचा नूर बदलला. एक मुलगी, जी प्रश्न विचारला की खाली पाहत असे, ती आता उरलेली ओळ स्वतःहून वाचू लागली. ती मंद आहे असा शेरा तिच्याबद्दल कितीतरी वेळा ऐकला होता. ती उपाशी होती, कारण घरातून सकाळी काही न खाताच निघत असे. अशा मुलांसाठी शाळा भरताच थोडेसे काही खायला मिळावे, असे मला मनापासून वाटते.

स्वयंपाक करणाऱ्या ताई

मी वाढण्याविषयी सांगते. पातेल्यात डाळ आणि भाज्या तळाशी बसतात. डाव वरवर फिरवला तर पुढच्या मुलांच्या ताटात नुसते पाणी जाते आणि घट्ट भाग शेवटच्यांना मिळतो. म्हणून प्रत्येक वेळी डाव तळापर्यंत घालून ढवळावे लागते. लहान मुलांना आधी थोडेच वाढावे आणि मागितले की पुन्हा द्यावे. ताट भरलेले पाहून ती घाबरतात आणि अर्धे टाकतात. वाढण्याआधी एक शिक्षक चव घेतात, तो नियम आम्ही कधीही मोडत नाही.

एक पालक

घरी भाजीला तोंड न लावणारा माझा मुलगा शाळेत पंगतीत बसला की ती खातो. हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, हेही आम्हाला आता तोच सांगतो. काळजी एकच आहे : लांब सुट्टी लागली की हे जेवण बंद होते, आणि ज्या घरांची त्यावर भिस्त आहे त्यांचे हाल होतात.

बालरोगतज्ज्ञ

चार-पाच वर्षांच्या मुलाचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत जी ऊर्जा वापरते, तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या मेंदूला लागतो. लोहाची कमतरता लहान वयात झाली तर एकाग्रता आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो, आणि मूल आजारी न दिसताही मागे पडत राहते. पोटात जंत असतील तर चांगल्या जेवणाचाही पुरेसा लाभ होत नाही, त्यामुळे जंतनाशक गोळी आणि स्वच्छ पाणी ही या योजनेची अविभाज्य अंगे मानावीत. मात्र शाळेपर्यंत थांबणे योग्य नाही. वाढीचा सर्वांत नाजूक काळ गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचा असतो, आणि तेव्हा झालेली खुंटलेली वाढ नंतर सहजासहजी भरून निघत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका

जेवणामुळे हजेरी वाढते, हे मी पाहिले आहे. विशेषतः धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबणाऱ्या मुली येऊ लागतात. परंतु हजेरी वाढली म्हणजे शिकणे आपोआप वाढते, असे मानू नये. घानामध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शालेय आहारामुळे मुली आणि सर्वांत गरीब घरांतील मुले यांच्या शिकण्यात अधिक प्रगती दिसली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथेही जेवणानंतर शिकवणारे कोणीतरी वर्गात होतेच. शिक्षकांचा वेळ धान्याच्या नोंदवह्या भरण्यात जाऊ लागला तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. त्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमावा.

स्वयंपाक करणाऱ्या ताई

डॉक्टरसाहेब, लोह अंगी लागावे म्हणून आंबट फळ द्यावे, असे आम्हाला सांगितले आहे. ते जेवणाआधी द्यावे की नंतर?

बालरोगतज्ज्ञ

ताई, जेवणाबरोबरच द्यावे. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह क जीवनसत्त्व सोबत असले की अधिक प्रमाणात शोषले जाते. उलट जेवणाला लागून चहा दिला तर ते कमी शोषले जाते, तेव्हा घरीही मुलांना जेवणाच्या सुमारास चहा देऊ नये, असे पालकसभेत अवश्य सांगावे.