मुसोलिनी वाढला कुठे: मिलानमध्ये की वावरात?

कपाशीवाला, दारव्हा:
नमस्कार मंडळी. पोरगी बी.ए.ला इतिहास शिकते. तिच्या पुस्तकात आहे की मुसोलिनीनं 23 मार्च 1919 ला मिलानमध्ये फॅसिस्ट संघटना काढली आणि ऑक्टोबर 1922 मध्ये तो पंतप्रधान झाला. मधली साडेतीन वर्षं दोन ओळींत गुंडाळलीत. 1919 च्या निवडणुकीत तर मिलानमध्ये त्याच्या यादीला 5,000 मतंही पडली नव्हती. मग एवढा पैसा आणि माणसं आली कुठून? आणि आजच्या युरोपातल्या उजव्या पक्षांना सरसकट फॅसिस्ट म्हणावं का?

निवृत्त मास्तर, पुसद:
भाऊ, उत्तर वावरात आहे. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात, फेर्रारा-बोलोन्याकडे, मोठे जमीनदार आणि हजारो भूमिहीन रोजमजूर. 1920 पर्यंत समाजवादी मजूर संघांचा जोर एवढा की मजूर लावायचा तर संघाच्याच कचेरीतून. वर हिवाळ्यात काम असो-नसो, जमिनीच्या हिशेबानं ठरावीक माणसं ठेवायचीच. जमीनदारांच्या पोटात दुखू लागलं.

नोव्हेंबर 1920 मध्ये बोलोन्यात नवं समाजवादी नगरमंडळ बसलं, त्याच दिवशी गोळीबार होऊन माणसं मेली. तिथून मुसोलिनीचे काळे शर्टवाले गावोगाव उतरले. फेर्राराकडे म्होरक्या इटालो बाल्बो. ट्रक आणि पैसा जमीनदारांचा. मजूर-पुढाऱ्याला रात्री घराबाहेर ओढायचं, दांडक्यानं बडवायचं, एरंडेल पाजायचं. आपली आजी चमचाभर द्यायची. हे घशात ओतायचे, गड्याची गावादेखत फजिती व्हावी म्हणून. पोलीस बघत उभे, कुठं कुठं सामीलच. संघ मोडले, मग काम हवं तर फॅसिस्ट संघटनेत नाव घाला. मजुरी घसरली ती वेगळीच.

रोमवरची चाल, म्हणजे ऑक्टोबर 1922 मध्ये हे काळे शर्टवाले सत्तेसाठी राजधानीवर चालून गेले ती, नंतरची. तेव्हा राजानं लष्करी कायद्यावर सही केली असती तर ती मंडळी पावसात भिजून घरी गेली असती, असं मला वाटतं.

दहा एकरवाला:
मास्तर, सारं खापर जमीनदारायवरच काहून? आमच्यावानी लहान कास्तकारानं काय करावं? मजूर भेटत नाई, अन् भाव दुसराच ठरवते!

निवृत्त मास्तर, पुसद:
बरोबर बोललात राजेहो, लहानही गेलेच तिकडं. संघवाल्यांना जमीन सामाईक हवी होती. ज्यानं महायुद्धानंतर कशीबशी चार एकर घेतली, त्याला ते कसं पटावं? फॅसिस्टांनी हे हेरलं, 'कसेल त्याला जमीन' म्हणत फिरले. थोड्यांना मिळालीही.

अभ्यासिका, आर्वी:
काका, दुसऱ्या प्रश्नाचं: सरसकट नको. इटलीच्या 1948 च्या संविधानात फॅसिस्ट पक्ष पुन्हा उभारायला बंदी आहे. तरी मुसोलिनीच्या माणसांनी 1946 मध्ये काढलेल्या पक्षाची ज्योत आज, 2022 मध्ये इटलीच्या पंतप्रधान झालेल्या मेलोनींच्या पक्षाच्या चिन्हात आहे, आणि 2022 मध्ये त्याला सुमारे 26 टक्के मतं पडली. वारसा आहे, पण टोळ्या नाहीत. ग्रीसमधला 'गोल्डन डॉन' मात्र 2012 मध्ये संसदेत गेला आणि त्याचीच माणसं रस्त्यावर स्थलांतरितांना मारत होती. 2013 मध्ये पाव्लोस फिस्सास या गायकाचा खून झाला, तेव्हा कुठं सरकार हललं. ऑक्टोबर 2020 मध्ये न्यायालयानं त्या पक्षाला गुन्हेगारी टोळी ठरवलं. मी तरी आधी मारहाण आणि पोलीस बघते, झेंडा मागाहून.

कपाशीवाला, दारव्हा:
पोरगी विचारते, मत्तेओत्तीच्या खुन्यांचं काय झालं?

निवृत्त मास्तर, पुसद:
तोही पो खोऱ्याकडचाच, रोव्हिगो जिल्ह्यातला, मजुरांचा खासदार. जून 1924 मध्ये फॅसिस्टांनी त्याला पळवून मारलं. 1926 च्या खटल्यात तिघांना जेमतेम सहा वर्षं, त्यातली चार माफ. 1947 मध्ये खटला पुन्हा चालला, तेव्हा जन्मठेप झाली.