मदत हवी आहे: घरच्या मशीनवर बीपी दर वेळी वेगळं येतंय, डॉक्टरांना नेमकं कुठलं सांगू?

टेबलखुर्ची
मंडळी, जरा गोंधळ झालाय, अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

वय ४३, दिवसभर बैठं काम, वजन थोडं जास्त आहे पण आजवर कसलीही गोळी नाही. मध्यंतरी ऑफिसात सगळ्यांची तपासणी होती तिथे बीपी १४८/९४ आलं. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं टेन्शन घेता का, म्हटलं कोण नाही घेत. मग डॉक्टरांकडे गेले तर त्यांच्याकडे १४४/९०. ते म्हणाले लगेच गोळी नको, आठवडाभर घरी मोजा, लिहून आणा, मग ठरवू. कसं मोजायचं, किती वेळा, कधी, हे काही बोलणं झालं नाही कारण मागे रांग होती आणि मलाही मीटिंगला पळायचं होतं.

तर दंडाला पट्टा लावायचं मशीन आणलं आणि तेव्हापासून डोक्याला नुसता ताप. सकाळी १२८/८२. संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या १४६/९१, म्हटलं असं कसं म्हणून लगेच परत लावलं तर १३७/८८, परत लावलं तर १३१/८५. आता पाच मिनिटांत वरचा आकडा पंधराने उतरतो म्हणजे काय समजायचं? नवऱ्याला लावून बघितलं, त्याचं दोन्ही वेळा ११८ च्या आसपास, म्हणजे मशीन अगदीच भंगार नसावं. तो म्हणतो सगळ्यात कमी येईल ते लिही, आई म्हणते सगळ्यात जास्त येईल ते लिही, आणि मी मधल्या मध्ये दर तासाला पट्टा लावून बसतेय.

मी सोफ्यावर बसून, हात मांडीवर ठेवून मोजते. हात कुठला, दिवसातनं किती वेळा, कुठला आकडा धरायचा, आणि सकाळी आमच्याकडे पळापळ असते तर नुसतं रात्री मोजलं तर चालेल का? गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणतात त्याचीही धास्ती आहेच.

निवांत_कधीतरी
पाच मिनिटांत पंधरा उतरणं अगदी नॉर्मल आहे हो, घाबरू नका. जिना चढून आलात, पर्स ठेवली, पट्टा लावला, तर दुसरं काय येणार. बीपी दिवसभर वरखाली होतंच, झोपेत उतरतं, पहाटे जागं व्हायच्या सुमारास चढायला लागतं, बोललात तरी चढतं. म्हणून एका आकड्याला काही अर्थ नसतो, सरासरीला असतो.

वॉर्ड_नंबर_नको
मी नर्स आहे, रोजचंच काम आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

सोफा आधी सोडा. पाठीला टेकू असलेली साधी खुर्ची घ्या, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात मांडीवर नाही, टेबलावर, म्हणजे पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीवर येतो. हे लोकांना उगाच नखरे वाटतात पण हात मांडीवर असला की वरचा आकडा साधारण ४ ने आणि हात खाली लोंबता असला की ६-७ ने जास्त येतो, तुमच्यासारख्या काठावरच्या माणसाला एवढ्यानेच "बीपी आहे" की "नाही" ते ठरतं.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, हे कोणी सांगत नाही पण मूत्राशय भरलेलं असलं की आकडा चांगलाच चढतो. मग ५ मिनिटं गप्प बसायचं, गप्प म्हणजे मोबाईलसुद्धा नाही. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाची बाही वर सरकवून दंडाला तिचा फास करू नका, त्यापेक्षा हात बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर आणि नळी आतल्या बाजूने. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. मशीन चालू असताना एक शब्द बोलायचा नाही, मुलं काही विचारोत.

आणि पट्ट्याचं माप बघा! तुम्ही वजन थोडं जास्त म्हणालात म्हणून सांगते. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेलं असतं ते ताडून बघा, बऱ्याच मशीनसोबत येणारा साधा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटरसाठी असतो. दंड ३४ चा आणि पट्टा ३२ पर्यंतचा असेल तर मशीन चांगलं असूनही आकडा जास्तच दाखवणार. मोठा पट्टा वेगळा मिळतो, मात्र त्याच कंपनीचा घ्या.

वॉर्ड_नंबर_नको
किती वेळा ते राहिलंच. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दर वेळी दोन मोजण्यांमध्ये एक मिनिट सोडून. असं ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे लिहा पण हिशेबात धरू नका कारण नवलाई असते. उरलेल्या सगळ्या वरच्या आकड्यांची सरासरी वेगळी, खालच्यांची वेगळी. सगळ्यात कमी नाही, सगळ्यात जास्त नाही, सगळे. नवरा आणि आई दोघंही नापास :)

नुसतं रात्री मोजून भागणार नाही, सकाळचं बीपी बघायचंच असतं. उठल्यावर लघवीला जाऊन आलात की नाश्त्याआधी, दहा मिनिटांचं काम आहे सगळं मिळून. ज्यांना आधीच गोळी चालू आहे त्यांनी गोळी घ्यायच्या आधी मोजायचं.

हात: पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून बघा, ज्यावर जास्त येईल तो हात पुढे कायम ठेवा. दोन हातांत १०-१५ चा फरक सतत दिसला तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

जुनं_ते_सोनं
ही बॅटरीवाली मशीनं सगळी बोगस. पाऱ्याचंच खरं. आमच्या वेळचे डॉक्टर कानाने ऐकून सांगायचे.

अर्धवट_इंजिनियर
काका, पारा उत्तम होता यात वाद नाही पण मिनामाता करारानंतर (पाऱ्याचा वापर कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार) तो जगभरातच हळूहळू बाद होतोय, कारण विषारी आहे. आणि कानाने ऐकण्यातही ऐकणाऱ्याचा कान आणि हवा सोडायचा वेग आलाच की, शिवाय लोक आकड्याचा शेवट शून्यावर नाहीतर पाचावर आणून ठेवायचे ते वेगळंच.

बॅटरीवालं मशीन काही ऐकत नाही. पट्टा घट्ट होऊन सैल होताना शिरेचे ठोके पट्ट्यातल्या हवेत जे बारीक हेलकावे उठवतात ते मोजतं, आणि त्यावरनं वरचा-खालचा आकडा कंपनीच्या गणिताने काढतं. म्हणून हात हलला, बोललात, की हेलकावे बिघडतात आणि आकडाही बिघडतो. ठोकेच अनियमित असतील, एट्रियल फिब्रिलेशन वगैरे, तर या मशीनवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. बऱ्याच मशीनवर वेड्यावाकड्या ठोक्यांसाठी हृदयाचं चिन्ह लुकलुकतं, ते वारंवार दिसलं तर नोंद करा.

बोगस मशीनं आहेत हे मात्र खरं. 'स्ट्राइड बीपी' नावाची आंतरराष्ट्रीय साइट आहे, तिथे रीतसर चाचणी झालेल्या मॉडेलची यादी आहे, तुमचं मॉडेल त्यात आहे का बघा. मनगटावरची शक्यतो नकोतच. डॉक्टरांकडे जाताना मशीन सोबत न्या, त्यांच्या मशीनशेजारी लावून बघतील.

हिरवी_पायवाट
ताई गोळ्यांच्या नादी लागू नका, ज्येष्ठमधाचा काढा रोज घ्या, मन शांत होतं नि सगळं नॉर्मलला येतं, माझा अनुभव आहे.

वॉर्ड_नंबर_नको
अहो नका हो असं सांगू! ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर बीपी वाढतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम उतरतं. घसा बसल्यावर एखादा तुकडा चघळणं निराळं, रोजचा काढा निराळा.

टेबलखुर्ची, यावरनं आठवलं, तुम्ही आजवर गोळी नाही म्हणालात ती बीपीची की कुठलीच नाही? डोकेदुखी-कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी काही? सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या? गर्भनिरोधक? स्टेरॉइड? ही सगळी बीपी चढवू शकतात. आणि घोरता का, रात्री श्वास अडकून दचकून जाग येते का? झोपेत श्वास अडकणं हे बीपीमागचं अगदी नेहमीचं कारण आहे आणि ते विचारलं जात नाही.

टेबलखुर्ची
बाप रे एवढी उत्तरं! सगळ्यांना थँक्यू. दंड मोजला, ३५ भरला, पट्ट्यावर ३२ लिहिलंय. मोठा पट्टा मागवलाय.

गोळ्यांचं म्हणाल तर मान आणि पाठ धरते तेव्हा आयबुप्रोफेन घेते, महिनाअखेरीला कामाचा रेटा असला की जवळजवळ रोजच. याला कोणी औषध म्हणतं का, म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. घोरण्याचं नवऱ्याला विचारलं, तो नुसता हसला. उत्तर मिळालं.

किती आलं म्हणजे बीपी आहे असं म्हणतात तेही सांगा ना, कोणी १३० म्हणतं कोणी १४०.

अर्धवट_इंजिनियर
दोन्ही बरोबर, म्हणून तर घोळ. दवाखान्यात मोजलेलं १४०/९० किंवा वर ही जुनी आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी वापरात असलेली रेषा. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली. घरच्या सरासरीसाठी बहुतेक ठिकाणी १३५/८५ धरतात, कारण घरी माणूस निवांत असतो. तेव्हा घरचा आकडा दवाखान्याच्या पट्टीने मोजू नका.

काहींचं फक्त डॉक्टरसमोर चढतं, त्याला व्हाइट कोट म्हणतात. काहींचं उलट, दवाखान्यात छान आणि घरी-ऑफिसात चढलेलं, ते जास्त वाईट कारण पकडलंच जात नाही.

निवांत_कधीतरी
दर तासाला मोजणं आधी बंद करा बुवा. आकडा बघून धसका, धसक्याने आकडा वर, म्हणून परत मोजायचं, हे चक्र मी घरात पाहिलंय. आमच्या वडिलांचं मशीन शेवटी कपाटात कुलूपबंद केलं आणि ठरल्या वेळीच बाहेर काढायचो.

वॉर्ड_नंबर_नको
हो, पण एक अपवाद. आकडा १८०/१२० च्या घरात गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला अचानक कमी होणं, प्रचंड डोकेदुखी यातलं काही असेल तर परत परत मोजत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी. काही त्रास नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

गोळीच्या धास्तीबद्दल: सवय लागते म्हणून ती सुटत नाही असं नसतं, ती बीपी दाबून धरते, बरं करत नाही, म्हणून चालू ठेवावी लागते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं की काहींची डॉक्टर कमी करतात, क्वचित बंदही करतात. आपल्या मनाने बंद करायची नाही एवढंच. मिठाचं डब्ल्यूएचओचं माप दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चमचाभरही नाही, आणि पाकिटातल्या पदार्थांतलं धरून बरं का. चालणं आठवड्याला १५० मिनिटं, जिमच पाहिजे असं काही नाही, फोनवरच्या मीटिंगा चालत घ्या.

टेबलखुर्ची
अपडेट देते. मोठा पट्टा आला, खुर्ची-टेबल करून, नवऱ्याला खोलीबाहेर काढून आठवडा पुरा केला. आयबुप्रोफेन या काळात घेतलं नाही, मानेला शेक दिला. सरासरी १३६/८६. म्हणजे रेषेच्या एक पाऊल पलीकडे!

डॉक्टरांनी कागद बघितला, म्हणाले इतकं नीट कोणी आणत नाही. अजून गोळी नाही दिली, लघवी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं त्यावरनं), पोटॅशियम वगैरे रक्ततपासणी सांगितली, पाठदुखीची गोळी बदलली, झोपेच्या तपासणीचंही बघू म्हणाले. आणि आता २४ तासांचं मशीन लावायचंय. ते रात्रीही फुगतं म्हणे, झोप लागते का त्यात? कोणी लावलंय का?

केतकीपुत्र
मी लावलंय. दिवसा साधारण वीस मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने फुगत होतं. पहिले दोन-तीनदा जाग येते मग शरीर दुर्लक्ष करतं. फुगायला लागलं की हात सरळ सैल सोडायचा, चालत असाल तर थांबायचं, गाडी चालवायचं काम त्या दिवशी दुसऱ्याला द्या. अंघोळ लावायच्या आधी उरकून घ्या, नंतर करता येत नाही. सैल बाह्यांचा शर्ट. नेहमीचा कामाचा दिवस निवडा, सुट्टीचा नको, नाहीतर तुमचं खरं बीपी कळणारच नाही. आणि किती वाजता झोपलात, कधी उठलात, ते कागदावर लिहून ठेवा, रात्रीचं बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतंय का हे ते त्यावरूनच बघतात.

टेबलखुर्ची
मंगळवारी लावते मग, त्या दिवशी रिव्ह्यू मीटिंग असते, बॉसलाही रेकॉर्डवर येऊ दे.