मदत हवी आहे: नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं, टॅक्सचं गणित सुटत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनिअर. सातपूरच्या एका कंपनीत सहा वर्षं डिझाइनला होते. जून २०२५ अखेर नोकरी सोडली आणि जुलैपासून इंदिरानगरला घरूनच कॅडची (संगणकावर ड्रॉइंग काढायची) कामं घेते: जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग्ज, शीट मेटल पार्टचं मॉडेलिंग, कधी झिजलेल्या जुन्या पार्टची व्हर्नियरने मापं घेऊन नवीन ड्रॉइंग. अंबडच्या तीन कंपन्या, एक सिन्नरची आणि एक सुरतची. काम भरपूर आहे. अडलंय ते टॅक्सवर.

घरात विचारायला कोणी नाही. वडिलांची निफाडला द्राक्षबाग. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे व्यापाऱ्याची पट्टी आणि सोसायटीचं कर्ज यापलीकडे हिशेबाचा कागद आमच्या घरात कधी आलाच नाही. नोकरीत फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) हातात यायचा, रिटर्न अर्ध्या तासात भरून व्हायचं. आता जो भेटेल तो वेगळं सांगतो.

आकडे देते. एप्रिल ते जून पगार १,३५,०००. जुलै ते डिसेंबर बिलं ७,४०,०००, मार्चअखेर साधारण ११,२०,००० होतील. सगळे पैसे बँकेत, रोख एक रुपया नाही. खर्च म्हणजे सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स, इंटरनेट, वीज, अंबड-सिन्नरच्या फेऱ्यांचं पेट्रोल. सगळं धरून दोन लाखांच्या वर जात नाही.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, आयकराचं कलम ४४एडीए लाव, निम्मंच उत्पन्न दाखव, वही ठेवायची गरज नाही. माझा जीव इथेच अडतो. खर्च दोन लाख झालाय हे मला माहीत असताना साडेपाच लाख खर्च झाला असं कसं दाखवू? हे कायद्यात बसतं, की नोटीस आली की निस्तरत बसायचं?

दुसरं, सुरतच्या कंपनीला बिल केलं म्हणजे राज्याबाहेर गेलं, आता जीएसटी नंबर घ्यावाच लागेल असं दोघांनी ठामपणे सांगितलं. खरं आहे का? आणि १५ डिसेंबरचा ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता मी भरलेला नाही. त्याचं व्याज लागेल का?

आता जे सगळ्यात जास्त खुपतंय ते. अंबडच्या एका कंपनीला मी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी साठ-साठ हजारांची तीन बिलं केली. त्यांनी प्रत्येक वेळी सहा हजार टीडीएस (माझ्या नावाने सरकारकडे भरायचा टॅक्स) कापून ५४,००० जमा केले. आज जानेवारी उजाडला, २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेला टॅक्स दाखवणारा आयकर खात्याचा उतारा) त्या कंपनीचं नावच नाही. माझे १८,००० रुपये कुठे आहेत? फोन केला की "भरलाय मॅडम, दिसेल" एवढंच ऐकायला मिळतं. सिन्नरची कंपनी मात्र दोनच टक्के कापते आणि ते लगेच दिसतं. असा फरक का?

जाणकारांनी कृपया सांगा. आठ दिवस झाले, झोप नीट लागत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी गेली बारा वर्षं कॉलेज रोडला एका सीएंच्या ऑफिसात रिटर्नचंच काम करतो. आधी शांत झोपा.

४४एडीए ही पळवाट नाही. इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी सरकारनेच केलेली सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असावी. रोख जमा पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत चालतं. तुम्ही "साडेपाच लाख खर्च झाला" असं कुठेही लिहून देत नाही. कायदाच म्हणतो की जमेच्या निम्मी रक्कम, किंवा तुम्ही त्याहून जास्त दाखवाल ती, तुमचा नफा धरू. खर्चाचा तक्ता मागतच नाहीत. मात्र बिलं आणि बँकेचे उतारे जपून ठेवा, एकूण जमा तर पूर्ण दाखवायचीच आहे.

तुमचं गणित असं. ११,२०,००० चे निम्मे ५,६०,०००. पगार १,३५,०००, त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, उरले ६०,०००. (ही वजावट फक्त पगारावर मिळते, व्यवसायाच्या उत्पन्नावर नाही.) एकूण ६,२०,०००. नवीन करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची सूट आहे. म्हणजे टॅक्स शून्य, आणि कापलेला टीडीएस सगळा परत. फॉर्म आयटीआर-४, त्यात पगारही बसतो.

टॅक्सच नाही तर ॲडव्हान्स टॅक्सही नाही. पुढे उत्पन्न वाढलं तरी ४४एडीएवाल्यांना चार हप्ते नसतात, १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचं.

जीएसटीचं सांगणारे चुकले. राज्याबाहेर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते ती माल विकणाऱ्यांना. सेवेसाठी राज्याबाहेरही वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे. तुम्ही ड्रॉइंग देता, पार्ट बनवून देत नाही.

टक्क्यांचा फरक कलम १९४जेमुळे पडतो. व्यावसायिक फी धरली तर दहा टक्के, तांत्रिक सेवा धरली तर दोन. कंपनीने काय धरलं यावर ते ठरतं, तुम्हाला नुकसान कशातच नाही. एकाच कंपनीकडून वर्षात ५०,००० च्या आत मिळाले तर या कलमाखाली कापतच नाहीत.

आता १८,०००. जुलै-सप्टेंबरचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत ३१ ऑक्टोबर होती. इतक्या दिवसांत दिसलं नाही तर एक तर रिटर्नच भरलेलं नाही, नाहीतर तुमचा पॅन चुकीचा टाकलाय. फोन करत बसू नका. समक्ष जा, फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचा दाखला) मागा आणि त्यावरचा पॅन एकेक अक्षर लावून बघा.

आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय, कलमांचे नंबर बदलतील. तुमचं हे वर्ष जुन्या १९६१ च्याच कायद्यात आहे, गोंधळू नका.

प्रतिसाद २

वरच्या दादांनी छान सांगितलं. एक राहिलं, व्यवसाय कर. नोकरीत कंपनी दरमहा २०० कापायची तोच. आता तो स्वतः भरायचा, वर्षाला २,५००. महाजीएसटीच्या साइटवर पीटीईसीची (स्वतःचा व्यवसाय कर भरण्यासाठीची) नोंदणी करून घ्या. मी चार वर्षं दुर्लक्ष केलं आणि सगळं व्याजासकट भरलं. रक्कम लहान म्हणून लोक सोडून देतात.

प्रतिसाद ३

ताई, पुढे घर घ्यायचा विचार आहे का? असेल तर निम्मं दाखवण्याआधी थांबा. माझं कर्ज याच कारणाने कमी मंजूर झालं. बँक तुमची जमा बघत नाही, रिटर्नमधलं उत्पन्न बघते, तेही दोन-तीन वर्षांचं.

तुमचा खरा नफा ९,२०,००० आहे ना? तोच दाखवा. त्यात पगाराचे ६०,००० मिळवले तरी ९,८०,०००, म्हणजे १२ लाखांच्या आतच. टॅक्स तरीही शून्य. जे खरं वाटतं ते लिहून एक पैसा जास्त जात नसेल तर मनात खटका कशाला ठेवायचा?

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून खूप हलकं वाटलं. ९,२०,००० च दाखवणार आहे.

काल अंबडला समक्ष गेले. अकाउंट्समध्ये एक वयस्कर काका आहेत, त्यांनी खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव बरोबर, पत्ता बरोबर, पॅनमध्ये ४७ च्या जागी ७४. सहा महिने माझे पैसे दुसऱ्याच कोणाच्या तरी पॅनवर जमा होत होते. काकांनाच जास्त वाईट वाटलं. पॅनकार्डाची झेरॉक्स दिली, त्यांनी लाल पेनाने ते दोन आकडे गोल केले आणि माझ्यासमोर त्यांच्या सीएंना फोन लावला. दुरुस्तीचं रिटर्न या आठवड्यात भरतील, डिसेंबरपर्यंतच्या तिमाहीचं ३१ जानेवारीच्या आत बरोबर पॅनवर जाईल, असं ठरलंय.

बाकीच्या चारही कंपन्यांना आज पॅनची प्रत ईमेलने पाठवली. पीटीईसीचा अर्जही भरला. २६एएसमध्ये १८,००० दिसले की इथे कळवते.