पौलाचे प्रवास मुलांना कसे शिकवायचे? पैसे, बोटी, मुक्काम, सगळंच विचारतात

संडेस्कूल_टीचर:
नमस्कार मंडळी. चर्चमध्ये सातवी ते नववीच्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेते, सध्या बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक चालूय, त्यात पौल हा प्रेषित येशूची शिकवण सांगत गावोगाव फिरतो. भिंतीवर पौलाच्या प्रवासांचा नकाशा लावलाय, लाल निळ्या हिरव्या रेघा, पहिला प्रवास दुसरा प्रवास तिसरा प्रवास, मुलं गावांची नावं पाठ करतात आणि पुढच्या रविवारी विसरलेली असतात. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, टीचर त्याच्या तिकिटाचे पैसे कोण द्यायचं? लगेच दुसरी म्हणाली आणि तो झोपायचा कुठे? "देवाने सोय केली" एवढं बोलून विषय मिटवायचा नाहीये मला, कारण प्रश्न खरा आहे. कोणी नीट सांगेल का? मुलांच्या डोळ्यासमोर चित्र उभं राहील असं काहीतरी हवंय.

जुनी_पानं:
ताई, पैशाचं उत्तर त्याच पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. पौल तंबू करणारा कारागीर होता. ग्रीसमधल्या करिंथ शहरात गेला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे नवराबायको भेटले, क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवलं म्हणून ते तिकडे आलेले, त्यांचाही धंदा तोच, मग हा त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्यासोबत कामाला बसला. म्हणजे झोपायचा कुठे आणि खायचा काय, दोन्हीचं उत्तर एकाच घरात. मुलांना दाभण आणि जाड दोरा आणून दाखवा, ताडपत्रीच्या तुकड्याला चार टाके घालायला लावा, बोटं दुखली की कळेल. या धंद्याचं बरं असं की हत्यारं एका पिशवीत मावतात, गाव बदललं तरी काम मिळतं. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला तो पत्रात लिहितो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. मदत घेतलीच नाही असं मात्र नाही, फिलिप्पैच्या लोकांनी त्याला थेस्सलनीकात एकदा नाही दोनदा पाठवली आणि ती त्याने आठवणीने पत्रात लिहिलीय. त्याच फिलिप्पैत लुदिया होती, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी, तिने तर आग्रह करकरून यांना घरी उतरवलं.

अजून एक, मुलं विचारतील हे खरं कशावरून. ग्रीसमध्ये डेल्फीला एक शिलालेख सापडलाय त्यात गल्लियो या अधिकाऱ्याचं नाव आहे, त्यावरून तो करिंथला इ.स. ५१-५२च्या सुमारास होता हे ठरतं, आणि करिंथमध्ये पौलाला न्यायासाठी ज्याच्यासमोर उभं केलं तो हाच गल्लियो. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा याच एका खुंटीवरून मागेपुढे मोजतात.

वसईचा_दर्यावर्दी:
मी वसईचा, आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. टीचर तुम्ही २७वा अध्याय सोडू नका, आणि सावकाश शिकवा. त्यात पौलाला कैदी म्हणून जहाजाने रोमकडे नेत असतात. त्यात एक वाक्य आहे की उपासाचा दिवस होऊन गेला होता म्हणून आता प्रवास धोक्याचा. तो उपास म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. त्यानंतर तिकडचा समुद्र बिघडायला लागतो आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च जहाजं बंदरात बांधून ठेवायचे. आपल्याकडे जुनी माणसं नारळी पुनवेआधी होडी काढू देत नाहीत तसंच, फक्त त्यांचा बंद काळ हिवाळ्यात. पौल क्रेत बेटावर सांगत होता की पुढे जाऊ नका, पण शताधिपतीने, म्हणजे कैद्यांना नेणाऱ्या रोमन अधिकाऱ्याने, तांडेल आणि मालकाचं ऐकलं. जहाज आलेक्सांद्रियाचं, गव्हाने भरलेलं, वर २७६ माणसं.

पुढे वादळ. जहाज फुटू नये म्हणून खालून दोर घेऊन आवळून बांधलं, तिसऱ्या दिवशी अवजारंसुद्धा समुद्रात टाकली, किती दिवस सूर्य नाही तारे नाहीत. चौदाव्या रात्री खलाशांना वाटलं जमीन जवळ आली, दोरीला शिसं बांधून सोडलं तर २० वाव, थोडं पुढे १५ वाव. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो कारण पाणी असं भराभर कमी होणं म्हणजे अंधारात खडक कुठे आहे ते कळत नाही आणि तुम्ही त्याच्याकडेच चाललाय. मग मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस कधी उजाडतो याची वाट बघत बसले. खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून छोटी होडी घेऊन पळायला निघाले, शिपायांनी दोर कापला. उजाडायच्या वेळी पौलाने सगळ्यांना सांगितलं दोन आठवडे तुम्ही उपाशी आहात, खा, आणि सगळ्यांसमोर भाकर मोडून स्वतः खायला लागला. कैदी होता तो! जहाज फुटलं, काही पोहून काही फळ्यांवर, पण सगळे जिवंत किनाऱ्याला. ते बेट म्हणजे मिलिता, आजचं माल्टा.

जेम्स स्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या हौशी दर्यावर्द्याने १९व्या शतकात हिशेब केला की तसं जहाज तसल्या वाऱ्यात क्रेतकडून वाहत गेलं तर माल्टाला पोचायला १३-१४ दिवस लागतात. लिहिणारा माणूस जहाजावर होता, नुसत्या ऐकीव गोष्टीत वाव कोणी मोजत नाही.

पायवाट:
वरच्या दादांनी छान लिहिलंय. एक भर घालतो, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल लिहितो की माझं तारू तीनदा फुटलं, एक रात्र आणि एक दिवस मी समुद्रात काढला. हे पत्र माल्टाच्या आधीचं. म्हणजे माल्टाचं धरून चार! आणि तरी तो बोटीत चढत राहिला.

नकाशावरच्या सगळ्या रेघा सारख्या जाड असतात म्हणून मुलांना कळत नाही की इफिसला तो तीन वर्षं राहिला आणि काही गावांतून नुसता रस्त्याने गेला. मला स्वतःला २०वा अध्याय फार जवळचा वाटतो. त्रोवसात रात्रभर बोलणं झालं, खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून पडला, मेलेला म्हणून उचलला पण पौलाने कवटाळल्यावर जिवंत निघाला, आणि पहाट झाल्यावर बाकीचे जहाजाने अस्साला गेले पण पौल म्हणाला मी पायी येतो. तीसेक किलोमीटर, एकटा. का ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. मुलांनाच विचारा.

संडेस्कूल_टीचर:
मनापासून आभार सगळ्यांचे. ताडपत्री आणि दाभण शोधून ठेवलंय, आणि २७वा अध्याय दोन रविवारांत करणार. दादा, २० वाव म्हणजे किती हे मुलांना कसं दाखवू?

वसईचा_दर्यावर्दी:
दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. वीस मुलांना हात पसरवून एका रांगेत उभं करा, बोटाला बोट लावून. मग पाच जणांना बाजूला व्हायला सांगा.